माझ्या पोटात खडे नव्हते

मी एक जुना, पाणी उपसायचा पंप आहे, मित्रांनो, आणि सध्या भंगारवाल्याच्या अंगणात गंजत पडलो आहे. माझे हाल झाले म्हणून डोळे पुसू नका. माझ्याइतकं प्रेम फार थोड्या पंपांच्या वाट्याला येतं. त्या प्रेमानेच माझी आणि आणखी एकाची वाट लावली.

माझं अंग ओतीव लोखंडाचं, पोटात पात्यांचं चाक. ते गरगर फिरलं की पाणी मधोमध आत शिरतं आणि कडेने जोरात बाहेर पडतं. इमारतींच्या पायासाठी खोल खड्डे खणतात ना, त्यांत झिरपणारं पाणी उपसणं हे माझं काम. मी काठावर बसायचो, माझा नळ खाली सोडलेला. मी थांबलो की खड्डा भरणार. मुकादम मला 'आपला पैलवान' म्हणायचा आणि मी फुशारून जायचो.

माझी देखभाल एक फिटर करायचा. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचे दाजी, खाली सळया बांधायचे. "मेहुणे, आधी त्या लाडक्याला ग्रीस, मग आम्हाला चहा, असंच ना?" दाजी खालून ओरडायचे.

"तुम्ही रुसलात तर ताई समजूत काढेल. हा रुसला तर तुम्ही बुडाल," फिटर वरून ऐकवायचा. दोघंही पोट धरून हसायचे.

एकदा नळाच्या तोंडाशी गाळ साचला. मित्रांनो, पंपाला पोटभर पाणी मिळालं नाही, की ओढताना त्याच पाण्याचे बुडबुडे होतात, गार पाणी उकळावं तसे. ते पात्यांवर फुटतात आणि लोखंडाचे कण उडवतात. आवाज मात्र डब्यात खडे खुळखुळावेत असा येतो. ती माझी भूक होती. फिटरने कान लावला आणि म्हणाला, "खडे गिळलेत याने." मग त्याने नळाच्या तोंडाला बारीक जाळी बांधली. पाणी आणखी अडलं, मी आणखी खडखडलो, तेव्हा त्याने वरून दुसरी जाळी बांधली आणि माझ्या पाठीवर प्रेमाने थाप मारली. मला तळपाय असते तर त्यांची आग मस्तकात गेली असती.

मग एके दिवशी खड्ड्यातला आधाराचा गर्डर घसरला आणि दाजींचा पाय त्याखाली अडकला. हाड शाबूत होतं, पण पाय सुटेना. क्रेन दुसऱ्या कामावर गेली होती. ती येईपर्यंत पाणी वर चढू द्यायचं नाही, एवढंच हवं होतं. अर्धपोटी का होईना, मी ते दाजींच्या कमरेशी रोखून धरलं. पण माझा खडखडाट वाढला आणि धार उचक्या देऊ लागली.

"अरे, त्याच्या पोटात काय चाललंय बघ!" दाजी ओरडले.

"घाबरू नका दाजी, एक खडा आत जाऊ देणार नाही!" फिटर खाली उतरला आणि त्याने जाळ्यांवर गोणपाट गुंडाळून तारेने घट्ट आवळलं. तारेचं एक टोक दाजींनीच धरलं होतं.

मी जीव खाऊन ओढलं. नुसते बुडबुडे फुटत राहिले आणि धार तुटली. पाणी छातीशी आलं. फिटर धावत वर आला आणि खडे काढायला त्याने मला बंदच केलं. एकेक बोल्ट तो नीट खोलत होता.

"चालू कर रे! चालू कर!" दाजी म्हणाले. त्यानंतरचं त्यांचं बोलणं कुणाला कळलं नाही. क्रेन आली, तिने गर्डर सहज उचलला. तोवर घाई उरली नव्हती.

माझ्या पोटात एकही खडा निघाला नाही. पात्यांची तेवढी चाळण झाली होती. फिटरने ती बहिणीला दाखवली. "बघ ताई, खड्यांनी कसं खाल्लंय. मी जिवाचं रान केलं गं."

"तू होतास म्हणून एवढा वेळ तरी तगले ते," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

तर मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, असं मी सांगणार नाही. माझी भरपूर घेतली गेली. कुणी ओरडत असेल, तर त्याच्या तोंडावर आपणच काय बांधलं आहे, ते आधी सोडून बघा.

परवा फिटर इथे आला होता, माझे चांगले बोल्ट काढून न्यायला. माझ्या जागी नवा पंप बसलाय म्हणे.

"त्याला पहिल्या दिवसापासून गोणपाट बांधलंय," तो भंगारवाल्याला सांगत होता. "दाजींच्या जागी आता ताई उतरते ना खाली."