झाकणावरचे आकडे

विश्वजितरावांनी तिंडिवनमला सायकल सोडली ती उन्हामुळे.

खोटं. पुन्हा सांगतो.

सप्टेंबर २००८. चेन्नईजवळच्या तांबरमपासून पुदुच्चेरी, सायकलवर सुमारे दीडशे किलोमीटर. विश्वजितराव तंजावरकडचे मराठी, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात फिटर, वय बेचाळीस, अंगाने काटकुळे. मी पुण्याहून आलेला इंजिनिअर, अठ्ठावीसचा. दर रविवारी आमचा सायकलचा गट महाबलीपुरमला जायचा; ते माझ्याआधी अर्धा तास पोचायचे आणि चहाच्या टपरीवरून ओरडायचे, "काय राव, वाटेत लग्न लागलं की काय तुमचं?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

(हेही खोटं.)

मग मी स्नायू वाढवायची पावडर सुरू केली. सहा आठवडे. मांड्या भरल्या, आरशात बरं दिसू लागलं. महाबलीपुरमला पोचायला मात्र पंधरा मिनिटं जास्त लागू लागली. लांब पल्ल्याला वाढलेले चार किलो नुसते ओढत न्यायचे असतात, हे मला कळलं.

कळल्यावर काय केलं?

उरलेला अर्धा डबा विश्वजितरावांना नेऊन दिला.

"ह्याने ताकद येते?"

"माझ्या मांड्या बघा ना," मी म्हणालो.

त्यांच्या बायकोने, जयंतीबाईंनी, सकाळची सत्तुमावाची कंजी बंद केली. भाजलेल्या धान्यांच्या पिठाची ती पेज पिऊन ते इतकी वर्षं सायकल मारत होते. आता दुधात पावडर.

त्या पुदुच्चेरीच्या फेरीत तिंडिवनमला ते रस्त्याकडेला बसलेले दिसले. मी थांबलो.

नाही. वेग कमी केला.

"पो पा, पो!" त्यांनी पुढे जायला हात केला. "आज तुमचा दिवस!"

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मी आवडीला त्यांच्या घरी गेलो. जयंतीबाईंनी डबा परत दिला, सत्तुमावाने गच्च भरलेला.

"रिकामा कसा देणे, राव? तुमची पावडर चांगलीच. ह्यांचं अंगच दुबळं."

आतून विश्वजितराव म्हणाले, "सायकल विकतो आता. वय झालं की."

मी "छे, छे" म्हणालो आणि निघालो.

स्टेशनवर डब्याचं झाकण पाहिलं. माझे पेन्सिलचे आकडे तसेच होते, दर पंधरवड्याचं वजन: ७०, ७१, ७३, ७४. त्याखाली निळ्या शाईत त्यांचे: ६१, ६२, ६४. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. मी लिहिलंय म्हणजे आकडा चढायलाच हवा, असं त्यांनी धरलं होतं. महाबलीपुरमला पोचायला लागलेली वेळ मी झाकणावर लिहिलीच नव्हती.

गाडी आली, गेली. मी पेन काढलं. सत्तरपुढे लिहिलं: दोन तास दहा. चौऱ्याहत्तरपुढे: दोन तास पंचवीस.

दार जयंतीबाईंनीच उघडलं. "अय्यो, काही विसरलात?"

"हो. त्यांना बोलवा."

विश्वजितरावांनी झाकण उजेडाकडे धरून वाचलं.

"हे आधी ठाऊक होतं? देताना?"

"हो."

झाकण त्यांनी ठेवून घेतलं. डबा मी उघडाच घेऊन गाडीत चढलो. दारातून वारा येत होता आणि पीठ माझ्या शर्टावर, शेजारच्यांच्या मांडीवर उडत होतं.