विरोधातलं एक मत

रत्नागिरीत मतमोजणी झाली त्याच दुपारी आकडा वाडीत पोचला. पालीपासून आत, डोंगराच्या अंगाला असलेली ही बौद्धवाडी. शाळेतल्या केंद्रावर फक्त वाडीचीच मतं होती. एकशे एकोणसाठ पडली. त्यातली एकशे अठ्ठावन्न वाडीच्या बैठकीत ठरलेल्या उमेदवाराला, एक दुसऱ्याला.

उमेदवार निवडून आला होता, तरी फटाके कुणी लावले नाहीत.

"एकगठ्ठा देतो म्हणून शब्द दिला होता आपण," वाडीचे प्रमुख सहदेवभाऊ म्हणाले. "आता वाडीच्या नळाचं त्याला विचारायला कुठल्या तोंडानं जायचं?"

संध्याकाळी सगळ्यांना विहारात बोलावलं. पुरुष पुढे बसले, बाया मागे भिंतीला टेकून. त्यांच्यात सीताबाई होती. अडुसष्ट वर्षांची, गुडघे गेलेली, नवरा वारून नऊ वर्षं झालेली. शेजारी तिची सून स्नेहल. लोक वळून वळून स्नेहलकडेच बघत होते. ती देवरूखच्या कॉलेजात शिकलेली. निवडणुकीआधीच्या बैठकीत तिनंच उभं राहून विचारलं होतं, सगळ्यांनी एकालाच का द्यायचं म्हणून.

"जिनं दिलं तिनं आपण होऊन सांगावं," सहदेवभाऊ म्हणाले. नाव त्यांनी घेतलं नाही. स्नेहलचा नवरा सुहास मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत राहिला.

सीताबाई जमिनीला हात टेकून उठली.

"मी दिलं."

पुढून कुणीतरी हसलं.

"वैनी, बसा तुम्ही," सहदेवभाऊ समजुतीनं म्हणाले. "सुनेला पाठीशी घालताय, कळतंय आम्हाला."

"पाठीशी नाय घालत. बटण मीच दाबलं."

"चुकून दाबलं असेल मग. चिन्हं तरी नीट दिसतात काय तुम्हाला?"

"दिसतात."

"आई, गप बस," सुहास मागे न बघता म्हणाला. मग उठून त्यानं सगळ्यांपुढे हात जोडले. "झालं ते झालं. आमच्या घरातून पुन्हा असं होणार नाही." बैठक तिथेच मोडली.

घरी आल्यावर स्नेहलनं ताटं जमिनीवर आपटलीच.

"कशाला खोटं बोललात माझ्यासाठी? आता तर सगळ्यांची खात्रीच पटली."

"खोटं नाय गो बोलले."

स्नेहल तिच्यासमोर खाली बसली.

"खरंच तुम्ही? का? तो माणूस बरा वाटला तुम्हाला?"

"त्याला मी ओळखत पण नाय."

का दिलं ते सीताबाईलाही धड सांगता येईना. पहिलं मत माहेरी दिलं होतं. बाबासाहेबांनी मिळवून दिलंय, वाया घालवायचं नाही, असं बापानं सांगितलं, आणि कुणाला द्यायचं तेही बापानंच सांगितलं. पुढं नवरा सांगायचा, आणि तो गेल्यावर वाडी. त्या त्या वेळी तिला ते पटतही होतं. आपल्या माणसांबरोबर राहायचं, एवढं तिला समजत होतं. पण गेल्या तीन निवडणुकांत सहदेवभाऊ तेच नळाचं बोलत होते, तेच हातवारे करून, आणि मागे बसलेल्या बाया त्याच जागी माना डोलवत होत्या. केंद्रात यंत्रापुढे उभी राहिल्यावर तिला ते सगळं पुन्हा ऐकू आलं.

"कंटाळा आला गो," ती म्हणाली. "बाकी काय नाय. आणि तू कुणाला दिलंस?"

स्नेहलनं पदरानं ताट पुसलं. "ठरलेल्यालाच. ह्यांनी मतदानाच्या सकाळी सांगितलं, आता वाद पुरे. म्हटलं, पुरे."

दोघी जेवायला बसल्या. आमटी गार झाली होती, पण उठून गरम करायला कुणी गेलं नाही.

पुढं कितीतरी दिवस स्नेहल दिसली की बाया बोलायच्या थांबत. तिनं एक-दोघींना खरं सांगून पाहिलं. सासूवर ढकलतेस होय, म्हणून त्या तिलाच बोलल्या. मग तिनं तो नाद सोडला. सीताबाईशी मात्र सगळे पहिल्यासारखेच वागत होते. भेटले की जय भीम करत, गुडघ्यांची चौकशी करत. ती बरं आहे म्हणायची आणि तिथून लवकर निघायची.