खालचा डावा कोपरा

कोपरा झिजला होता. बाकीच्या तीन कोपऱ्यांवरचा निळा रंग अजून दुकानातून आणल्यासारखा, आणि हा एकच घासून घासून पांढुरका झालेला, खालचा डावा — म्हणजे हात इथंच बसायचा, अंगठ्याखालची ती मऊ गादी, रोज, दीड वर्ष… रिक्षात बसल्या बसल्या सुकन्यानं त्यावरून बोट फिरवलं आणि तव्याला लागल्यासारखं पटकन काढून घेतलं. वर रेंजच्या चार काड्या उभ्या होत्या. चारीच्या चारी, शाळेत साहेब आल्यावर पोरं उभी राहतात तशा.

“बघ आता कशा दावायलाय,” शेजारून अण्णा म्हणाले. “डॉक्टरपुढं गेलं की दुखणं पळतंय, तसलं हाय हे.”

अण्णा पहाटेच्या गाडीनं जळकोटहून आले होते. एका हातात हॉस्टेलच्या पोरींसाठी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, आणि डोक्यात एकच गोष्ट : फोनच्या कंपनीच्या माणसाकडून लिहून घ्यायचं. पैसे परत नकोत, नवीन फोन नको. फक्त एक कागद, की या फोनमध्ये खोट आहे. तो कागद घेऊन ते अर्धापूरला जाणार होते, ताईच्या सासरी. कारण तिथं, केळीच्या बागेतल्या त्या घरात, ताईची सासू विठाबाई तीन आठवडे एकच वाक्य बोलत होती — पोटातलं हालायचं थांबलं हे हिला कळलं होतं, तर ही तोंड शिवून का बसली? आणि ताई एकच उत्तर देत होती. सुकूला फोन केला होता. लागला नाही.

लागला नाही. किती सोपा शब्द आहे हा! कुणी लावला नाही, कुणी तोडला नाही, आपला आपणच लागला नाही…

सुरुवातीला ती नुसती गंमत होती, हे तिला सारखं आठवत होतं, जणू ते आठवलं की बाकीचं थोडं हलकं होईल. दहावीला चांगले टक्के पडले म्हणून दयानंद दाजींनी हा फोन घेऊन दिला, आणि लातूरला हॉस्टेलवर आल्यावर पहिल्याच महिन्यात तिनं त्याची खोड शोधून काढली. उजव्या हातात धरला तर चार काड्या. डाव्या हातात धरून तो खालचा कोपरा तळव्यात दाबला, की तीन… दोन… एक… गायब. सुकन्या डावरी. तिच्याच हातात फोन मरायचा, बाकी कुणाच्याच नाही! मेसमध्ये तिनं सगळ्यांना दाखवलं, “बघा गं जादू,” आणि तिची रूममेट पुनम घास तोंडात घेऊनच म्हणाली, “अगं, सोवळ्यातला दिसतोय तुझा फोन. डावा हात चालत नाही त्याला!” सगळ्या हसल्या. सुकन्या सगळ्यांत जास्त हसली. लहानपणी प्रसादाला डावा हात पुढे केला की आई फटका मारायची, मावशी डोळे वटारायची. एकटे अण्णा म्हणायचे, देवानं दोन दिलेत, तिला ज्यानं लिहायचं त्यानं लिहू द्या. त्या हातानं ती लिहीत गेली, पहिली येत गेली, लातूरपर्यंत आली. आता तोच हात फोनला चालत नव्हता म्हणे. यात हसण्यासारखंच होतं सगळं.

मग त्या जादूचा उपयोग सापडला.

मावशीचा फोन आला, अभ्यासाचा उपदेश सुरू झाला — हळूच कोपरा दाबायचा. “हॅलो? हॅलो? मावशी, आवाज येईना गेलाय…” संपलं. लाल बटण दाबलं तर माणूस दुखावतो. कोपरा दाबला तर माणूस तुमचीच कीव करतो. किती छान सोय! आणि मावशीनंतर… ताई.

ताईचा फोन रोज सव्वापाचला यायचा. क्लासच्या दोन तासांमधली सुट्टी तिनं विचारून पाठ करून ठेवली होती. काय बोलायची? म्हशीनं लाथ मारून चरवी सांडली. आज घड उतरवायला माणसं आली होती, अठरा जणांच्या भाकरी थापल्या. चिंच खाल्ली, सासूबाईंना सांगू नको. आठवा लागला सुकू, आता आतून लई ढुशा देतंय, तुझ्यासारखंच डावरं निघतंय बघ, सगळ्या ढुशा डावीकडून! आणि मग प्रश्न — पाय सुजले तर काय, पपई खरंच वाईट का, तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय? “ताई, आमच्या पुस्तकात पपई नसते,” ती म्हणायची. “असू दे, तू डॉक्टर होणार हाईस न?” आधी सुकन्या दहा मिनिटं बोलायची. मग पाच. मग हात आपोआप सरकायला लागला… तीन मिनिटांनी, दोन मिनिटांनी. ताई दुसऱ्या दिवशी म्हणायची, “काल कट झाला बघ मधीच. लई खराब फोन लागला गं तुला. मी बोलले यांना, आपण पोरीला चांगला तरी घ्यायचा होता.”

तेव्हा लाज वाटली होती. खरंच वाटली होती. एक दिवस पुरली.

“उतर, आलं,” अण्णा म्हणाले.

सर्व्हिस सेंटरमध्ये एसीचा गारवा होता आणि भिंतीवर हसणाऱ्या माणसांचे फोटो, सगळ्यांच्या उजव्या हातात फोन. अण्णांनी चप्पल बाहेर काढली, मग कुणीच काढलेली नाही हे पाहून परत घातली. नंबर लागला. काचेपलीकडच्या पोराच्या छातीवर शिवकुमार अशी पट्टी होती आणि बोलण्यात उदगीरकडचा हेल. त्यानं फोन टेबलावर ठेवला, कसलंसं ॲप चालवलं, आपल्या मोबाईलवरून रिंग दिली. वाजला. अगदी खणखणीत.

“काका, सिग्नल ओके हाय की.”

“टेबलावर ठेवून कोण बोलतंय, बाबा?” अण्णा म्हणाले. “माणूस हातात धरून बोलतंय.”

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. अण्णा हसले नाहीत. ते काचेच्या जवळ सरकले आणि — नको अण्णा, इथं नको — त्यांनी सांगितलं. हळू आवाजात, सातबाऱ्यावरची चूक दाखवावी तसं, क्रमानं. थोरली लेक, पहिलं बाळंतपण. मंगळवारी सकाळपासून पोटात हालचाल कमी. सासूला सांगावं तर ती म्हणणार पहिलटकरीण हाईस, भितीस. नवरा केळीच्या गाड्या भरून देण्यात. म्हणून धाकटीला फोन केला, धाकटी शिकायलीय न या गोष्टी. तर याच्यात आवाजच तुटला. परत तीनदा लावला, तोवर हिनं क्लासच्या नियमानं फोन जमा केलेला. मग लेकीनं ठरवलं उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी नांदेडला नेलं. “डॉक्टर म्हणले, आदल्या दिवशी आला असता तर काई सांगता आलं असतं. वाचलं असतं असं न्हाई म्हणले. काई सांगता आलं असतं, म्हणले.”

शिवकुमारनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. थोडा वेळ तो पट्टीवरचं नाव सरळ करत बसला.

“ताई, कसा धरता ते दाखवा जरा,” तो सुकन्याला म्हणाला.

काचेखालच्या फटीतून फोन बाहेर आला. सुकन्यानं तो घेतला… डाव्या हातात. हाताला काही सांगावं लागलं नाही. कोपरा आपल्या जागी जाऊन बसला, खोपीत जनावर बसतं तसा. चार. अण्णा वाकून बघत होते, श्वास धरून. तीन. तिला वाटलं, आता हात सैल सोडावा, काड्या उभ्याच राहू द्याव्यात, म्हणजे अण्णा तरी म्हणतील, अगं फोन तर चांगला हाय, मग त्या दिवशी काय झालं? कुणीतरी विचारा! दोन. पण हात सैल सोडला तर कागद नाही, आणि कागद नाही तर ताई तिथं विठाबाईसमोर खोटी… एक.

त्या दिवशीही ती अशीच उभी होती, क्लासच्या जिन्यात, सहा वाजता अनुवंशाची टेस्ट. ताईचा आवाज स्वच्छ होता, मागं कुठंतरी केळीच्या पानांची फडफडसुद्धा ऐकू येत होती. “सुकू, एक इचारायचं होतं गं. हसू नको हं —” आणि ती हसू नको म्हणाली म्हणून सुकन्याला वाटलं, चिंच असेल, पपई असेल. तळवा आवळला. ताईचा आवाज पापडासारखा मोडत गेला, “सक… पास… येतंय का… सुकू… येतंय का ऐकू…” आणि मी म्हणाले, “हॅलो? ताई, काहीच येईना गेलंय.” सगळं येत होतं. मोडकं मोडकं, पण येत होतं. ‘सकाळपासून’ हे तर मला तेव्हाच जोडता आलं असतं; मी तुकडे जोडूनच तर गुण मिळवते.

टेस्टमध्ये ती पहिली आली.

“गेली! सगळी रेंज गेली! बघितलं का?” अण्णांचा आवाज चढला, तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यात जीव होता.

“होतं असं काका,” शिवकुमार म्हणाला. “त्या कोपऱ्यात अँटेना हाय. तो झाकला की होतं. डाव्या हातानं धरू नका म्हणावं.”

“मग खोट हाय न? लिहून दे.”

“ते… वरून जे लिहायला सांगितलंय तेच लिहितो मी, काका.” त्यानं टाईप केलं, कागद निघाला. “सही करा, ताई.” तिनं सही केली. डाव्या हातानंच, दुसऱ्यानं येतच नाही.

बाहेर ऊन रस्त्यावर उभं होतं. अण्णांनी कागद दोन्ही हातांत धरला, उलटा-सुलटा पाहिला. इंग्रजी. “वाच बरं, बेटा. काय लिहिलंय?”

तिनं वाचलं. एकदा मनात, मग त्यांच्यासाठी मराठीत, एकेक शब्द. “उपकरणात दोष आढळला नाही. ग्राहक हातानं खालचा डावा कोपरा झाकतो. योग्य पद्धतीनं धरण्यास सांगितले.” ग्राहक — म्हणजे मी. तीन आठवडे जे कुणालाच सांगता आलं नव्हतं ते एका अनोळखी छपाईत लिहून आलं होतं, खाली तिची सही.

“म्हणजे काय?”

“म्हणजे दोष फोनचा न्हाई, अण्णा. हाताचा हाय. माझ्या. अण्णा, माझ्याच हाताचा हाय.”

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. आता कळलं, तिला वाटलं. आता…

“ह्यांच्या मायला ह्यांच्या!” अण्णा म्हणाले. “हात देवानं दिलाय अन् फोन यायनं बनवलाय, मग खोट कुणाची? तुझ्या आईला मी बारा वर्षं हेच सांगत आलो. हाताला कुणी बोललेलं मी ऐकून घेत नसतो.” आणि त्यांनी तिचा तो हात, डावा, आपल्या दोन्ही हातांत घेतला, लहानपणी फटका बसल्यावर घ्यायचे तसा चोळला. “रडू नको. तुझा काय दोष त्याच्यात.”

आवाज कुठं तुटला नव्हता. शब्द तर सगळे पोचले होते.

अर्धापूरला जायला नांदेडची गाडी लागली तेव्हा अण्णांनी कागदाची चौघडी करून आतल्या खिशात ठेवली. “दयानंदराव शिकलेले हाईत. ते वाचतील. कोपऱ्याचं लिहिलंय न त्याच्यात? तेवढं बास झालं. खोटी न्हाई म्हणावं आमची थोरली.” गाडी वळेपर्यंत ते खिडकीतून हात हलवत होते. सुकन्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन स्टँडच्या बाकड्यावर बसली, आणि कागद तिकडं चालला होता, आणि दाजी तो वाचतील, नीट वाचतील, आणि मग वर बघतील…

सव्वापाच वाजले. तीन आठवडे रोज सव्वापाच वाजत होते आणि फोन वाजत नव्हता. आज वाजला.

तिनं तो उजव्या हातात घेतला. दगड धरल्यासारखा परका वाटला. अंगठा कुठं ठेवायचा कळेना.

“सुकू? येतंय का ऐकू?”

“येतंय, ताई.”

“गेले का अण्णा? मी म्हणत होते कशाला ते कागदबिगद…” ताई थांबली. मागं पानांची फडफड. “काई नव्हतं तसं, उगंच लावला. गाईला कालवड झाली. अन् मी दुपटी शिवली होती न, जुन्या लुगड्याची? ती सासूबाईंनी केळीच्या गाडीत अंथरायला दिली, घड खरचटू नयेत म्हणून. बरंच झालं. कामाला आली.”

सुकन्या ऐकत होती. दोन मिनिटं झाली असतील, तीन, पाच. ताई कालवडीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्याबद्दल बोलत होती, आणि तो ठिपका केवढा आहे हे आता तिला नीट माहीत झालं होतं. मांडीवर डावा हात रिकामा पडला होता आणि आपला आपणच मिटत होता, नसलेला कोपरा दाबत. तिनं बोटं एकेक करून उघडली. ती पुन्हा मिटली.

“आज कसं साफ येतंय,” ताई म्हणाली. “फोन नीट झाला वाटतं तुझा.”

“ताई —”

“हं?”

समोर एक गाडी लागली, माणसं धावली, कंडक्टर ओरडला. तिला वाटलं, आता तरी आवाज तुटावा. आणि त्याच क्षणी वाटलं, तुटू नये, एवढी एकच वेळ तुटू नये. दोन्ही एकदमच वाटलं, आणि त्यातलं कुठलं खरं ते तिला सांगता येईना. चारी काड्या उभ्या होत्या.

“बोल न,” ताई म्हणाली. “येतंय मला ऐकू.”