नूरीच्या दाढा

पूर्णिमाला म्हशींची भीती कधी वाटली नव्हती. राधानगरीकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात ती पशुधन पर्यवेक्षक होती. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचं काम तिनं कितीदा केलं होतं. म्हशीचं तोंड बघायचं तर जीभ एका बाजूला ओढून धरली की झालं. वरच्या जबड्याला पुढचे दात नसतातच. घोड्याचं तसं नाही. मेंढपाळ कधी एखादं तट्टू घेऊन दवाखान्यात यायचे, चारा खात नाही म्हणायचे, तेव्हा ती डॉक्टर आले की दाखवा असं सांगून मोकळी व्हायची. तट्टाच्या तोंडाकडं ती बघायचीसुद्धा नाही. ही गोष्ट तिची तिलाच खुपायला लागली होती. म्हणून कोल्हापुरात घोड्यांच्या दातांचं प्रशिक्षण आहे असं कळल्यावर तिनं आपणहून नाव दिलं. नाव दिल्यापासून मात्र तिची झोप उडाली होती.

शहराबाहेरच्या एका शेडमध्ये प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या डॉक्टर स्वप्नाली पुण्याकडून आल्या होत्या. त्या घोड्यांच्या दातांचंच काम करायच्या. पहिला दिवस कवट्यांवर गेला. घोड्याची दाढ आयुष्यभर थोडी थोडी वर सरकत राहते, चावून चावून झिजते; झीज सारखी झाली नाही की वरच्या दाढांची बाहेरची कड सुरीसारखी होते आणि गाल कापत राहते, असं त्यांनी दाखवून दिलं. मग लांब दांड्याची कानस हातात देऊन प्रत्येकाकडून कड घासून घेतली. पूर्णिमाच्या जोडीला जयसिंगपूरकडचा संघर्ष होता. बोलका, हसरा गडी. कवटीनं चावा घेतला म्हणून त्यानं एकदा खोटंच बोट झटकलं आणि सगळे हसले. पूर्णिमाही हसली.

दुसऱ्या दिवशी नूरी आली.

नूरी पांढरी घोडी होती, लग्नाच्या वरातीतली. तिचे मालक शमशुद्दीनचाचा. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून घरात हाच धंदा. घोडी दिसायला देखणी होती, पण बरगड्या वर आल्या होत्या. कडबा तोंडात घ्यायची, चघळायची आणि ओला गोळा करून खाली टाकायची. चाचांनी चारा बदलून पाहिला, जंताचं औषध दिलं, तरी गोळे पडायचे थांबेनात. तेव्हा कुणीतरी त्यांना या प्रशिक्षणाचं सांगितलं.

काम कोण करणार, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. डॉक्टरांनी लपवलं नाही. उजवी बाजू मी करणार, डावी बाजू माझ्या देखत ही मुलं करतील, म्हणाल्या. चाचांनी पूर्णिमा आणि संघर्षकडं एकदा पाहिलं.

"मी हितंच उभा ऱ्हाणार," ते म्हणाले. "भायेर जा म्हणायचं न्हाय."

नूरीला लोखंडी खोड्यात घेतलं. मागं आडवा दांडा, पुढं छातीशी आडवा दांडा, डोकं मोकळं. डॉक्टरांनी मानेच्या शिरेत गुंगीचं इंजेक्शन दिलं. घोडी झोपत नाही, उभ्या उभ्याच पेंगते. थोड्या वेळात नूरीची मान खाली आली, ओठ लोंबायला लागला. मग डॉक्टरांनी तिच्या तोंडात लोखंडी चौकट बसवली. पुढच्या दातांच्या वर एक पट्टी, खाली एक, दोन्ही गालांपाशी दातेरी कड्या आणि कानांमागून चामड्याचा पट्टा. कडी एक एक दात पुढं सरकवली तसा जबडा उघडत गेला. आता तोंड मिटायचं म्हटलं तरी घोडीला मिटता येणार नव्हतं.

"हे लोखंड डोक्यावर आहे तोवर घोडीचं डोकं म्हणजे घण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तिनं मान फिरवली तर समोरच्याचं हाड राहत नाही. कुणी समोर उभं राहायचं नाही. बाजूला, गालाला चिकटून."

त्यांनी उजवी बाजू पुरी केली. कानशीचा खर्रखर्र आवाज शेडभर घुमत होता, दाढांचा पांढरा भुगा त्यांच्या हातमोज्यावर साचत होता. मग त्या खोड्याच्या पलीकडं हत्यारं ठेवलेल्या टेबलाकडं गेल्या आणि त्यांनी पूर्णिमाला खूण केली. संघर्षनं दोन्ही हातांनी नूरीचं डोकं खालून पेललं.

आधी हात घालून नुसतं चाचपायचं होतं. पूर्णिमानं बोटं जुळवली आणि हात गालाच्या कडेनं आत सरकवला. आतली ऊब तिला ओळखीची वाटली. मग बोटांना दाढांची कड लागली. एक, तिच्या मागं दुसरी. अगदी मागच्या दाढेपाशी कड इतकी तीक्ष्ण होती की हातमोजा अडकला. तिथंच गालाच्या आत बोटाचं पेर मावेल एवढी खोल जखम होती. बोट लागताच नूरीनं पेंगतच श्वास ओढला.

पूर्णिमानं डॉक्टरांना सांगितलं, जखम आहे, मागं, खोल. डॉक्टर म्हणाल्या, तेच असणार, म्हणून ती चावत नाही.

तेवढ्यात रस्त्यावर हलगी वाजायला लागली.

जवळच्या गावात दूध संस्थेची निवडणूक झाली होती आणि जिंकलेल्यांची मिरवणूक शेडवरून निघाली होती. सुरुवातीला आवाज लांब होता. मग हलगीच्या जोडीचं घुमकं कडाडलं आणि पत्रा थरथरायला लागला. पूर्णिमाचा हात अजून आतच होता. तिला पहिल्यांदा कळलं ते बोटांतून. नूरीची ढिली पडलेली जीभ एकदम ताठ झाली.

चाचांनाही कळलं. ते मागून ओरडले, "हात काढ पोरी! नाचंल ती!"

पूर्णिमानं हात ओढून घेतला. नूरीचे कान उभे राहिले, मान वर आली. वरातीत हलगी वाजली की पुढचे पाय उचलायचे, हे तिला लहानपणापासून शिकवलं होतं. अर्धवट गुंगीतसुद्धा तिच्या अंगाला ते आठवलं. तिनं उजवा पाय उचलला, मग डावा, आणि ताल धरला. दुसऱ्यांदा उचललेला डावा पाय छातीपुढच्या दांड्यावरून पलीकडं पडला आणि गुडघ्यात अडकला. मग मात्र नाच संपला. नूरी घाबरली.

तिनं डोकं फिरवलं. संघर्षनं तोंड वाचवायला हात आडवा घातला. लोखंड त्याच्या हातावर बसलं तो आवाज पूर्णिमानं ऐकला. तो खाली बसला, दुसऱ्या हातानं तो हात छातीशी धरून, आणि तसाच मागं सरकत गेला. बाकीचे प्रशिक्षणार्थी दाराकडं पळाले. डॉक्टर खोड्याच्या पलीकडच्या बाजूला होत्या. मधे घोडी होती.

नूरी मागं रेटा देत होती आणि अडकलेला पाय दांड्यावर घासत होता. डोकं डावीकडून उजवीकडं जात होतं, जबडा आ वासलेला, कड्या खणखणत होत्या. अजून एक जोराचा हिसका बसला असता तर पाय मोडला असता. घोड्याचा मोडलेला पाय म्हणजे काय, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

चाचा सरळ तिच्या तोंडाकडं निघाले. रोज तसेच जात असतील. पूर्णिमानं त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना मागं ओढलं.

"समोरून नको चाचा. खांद्यापाशी जावा. तिथनं बोला तिच्याशी."

मग खोड्याला वळसा घालून ते नूरीच्या खांद्याला भिडले, मानेखाली हात घातला आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायला लागले. मराठी नव्हतं ते, हिंदीही नव्हतं. लहान लेकराला झोपवताना काढतात तसे नुसते आवाज. नूरीचं डोकं थांबलं नाही. पण त्याचा झोका लहान झाला.

"पूर्णिमा," पलीकडून डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली होता, तरी स्पष्ट ऐकू आला. "तिकडची कडी तू सोड, इकडची मी. एकदम. आधी गालाला चिकट."

गालाला चिकटायचं म्हणजे त्या घणाच्या कडेला जाऊन उभं राहायचं. पूर्णिमाचे पाय हलेनात. बाहेर हलगी वाजतच होती. डोकं तिच्या बाजूला आलं, परत गेलं. परत जाताना ती पुढं झाली आणि आपला खांदा तिनं नूरीच्या गालाला लावला. डोकं पुन्हा फिरलं तेव्हा तिच्यासकट फिरलं. तिचे पाय घसरले, पण गाल सुटला नाही. चिकटून राहिल्यावर लोखंडाला उगारायला जागा राहत नव्हती. ते दाबत होतं, रेटत होतं, पण मारू शकत नव्हतं.

तिनं अंगठ्यानं कडी शोधली. लाळेनं ती बुळबुळीत झाली होती. एकदा अंगठा घसरला. दुसऱ्यांदा पकड बसली.

"धरली," ती म्हणाली.

"सोड."

दोन्हीकडून कड्या सुटल्या आणि जबडा मिटला. पूर्णिमानं कानामागचा पट्टा ओढून काढला, आणि सगळी चौकट खणकन जमिनीवर पडली. तोंड मिटताच नूरीनं एक लांब श्वास सोडला. डॉक्टरांनी तेवढ्यात मानेची शीर गाठून आणखी औषध दिलं. चाचांनी अडकलेला पाय दोन्ही हातांनी उचलला, अलगद, आणि दांड्यावरून आत घेतला. गुडघ्याखाली कातडं सोललं होतं. हाड शाबूत होतं.

शेडचा राखणदार बाबासो संघर्षला गाडीत घालून राजारामपुरीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. जाताना संघर्षनं हसायचा प्रयत्न केला, पण ओठ पांढरे पडले होते.

मिरवणूक पुढं निघून गेली. चाचांनी नूरीचा कासरा हाताला गुंडाळला होता आणि ते तिला खोड्यातून बाहेर काढायच्या तयारीत होते. डॉक्टर त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. गुंगीचं औषध कमी पडलं, त्या म्हणाल्या. घोडी अशक्त दिसली म्हणून मी बेतानं दिलं. अंदाज माझा चुकला, मुलांचा नाही. आणि तुमच्या घोडीला हलगीवर नाचायला शिकवलंय का, हे मी विचारायला हवं होतं.

चाचांनी कासरा सोडला नाही. डॉक्टरांनी पुढचंही सांगितलं. एक बाजू घासून झाली आहे, दुसरी तशीच आहे. जखम दुसऱ्या बाजूलाच आहे. आता घरी नेलीत तर गोळे पडतच राहणार. गुंगी अजून आहे, यावेळी ती पुरेशी आहे. पण निर्णय तुमचा.

"आणि करणार कोण?" चाचांनी विचारलं.

डोकं पेलायला जाणतं माणूस लागणार होतं, आणि ते पेलणारा दवाखान्यात गेला होता. डोकं मी धरते, डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी पूर्णिमाकडं पाहिलं. आग्रह केला नाही. नको म्हणालीस तरी चालेल, एवढंच म्हणाल्या.

पूर्णिमानं आपले हात पाहिले. नको म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या मागच्या दाढेपाशी तिचं बोट गेलं होतं. ती जखम इथं कुणी पाहिली नव्हती, डॉक्टरांनीसुद्धा नाही; फक्त तिच्या बोटाला ती माहीत होती. आपण निघून गेलो तर संध्याकाळी कडब्याच्या पहिल्या घासाला ती कड पुन्हा तिथंच रुतणार, हे तिच्या मनातून जाईना.

"करते," ती म्हणाली. "पण चाचा खांद्यापाशीच थांबू देत."

चाचांनी कासरा सोडवला. नूरीच्या मानेवर हात ठेवून ते म्हणाले, "कर की मग. पर घाई करू नगंस."

चौकट धुऊन पुन्हा बसवली. डॉक्टरांनी डोकं खांद्यावर घेतलं. पूर्णिमानं गाल एका हातानं बाहेर ओढून धरला आणि कानस आत सरकवली. पहिले काही ओढे वेडेवाकडे गेले. पकड ढिली असल्यानं कानस दाढेवर कडकड वाजत होती. रस्त्यावरून एक दुचाकी गेली आणि पूर्णिमा दचकून थांबली. नूरीच्या कानाकडं पाहिलं. कान लोंबतच होता. डॉक्टर म्हणाल्या, मनगटानं नको, खांद्यानं ओढ. मग तिला लय सापडली. दाढ घासायची, कानस काढायची, बोट फिरवून बघायचं, पुन्हा घासायचं. मागच्या दाढेपाशी ती सगळ्यांत जास्त वेळ थांबली. शेवटी बोट कडेवरून सरकलं आणि हातमोजा कुठंच अडकला नाही.

तोंड धुऊन, चौकट काढून, गुंगी उतरेपर्यंत चाचा नूरीशेजारी उभे राहिले. उतरल्यावर त्यांनी ओल्या गवताची मूठ तिच्यापुढं धरली. डॉक्टर म्हणाल्या, आज गाल दुखणार, लगेच खाईलच असं नाही. नूरीनं गवत हुंगलं, तोंडात घेतलं, हळूहळू जबडा फिरवला. डाव्या बाजूला घास आल्यावर थांबली. पुन्हा फिरवला. गोळा पडला नाही. चाचा खाली वाकून बराच वेळ जमीन बघत होते. मग गुडघ्याला लावायचं मलम त्यांनी खिशात घातलं, डॉक्टरांना सलाम केला आणि घोडी घेऊन पायी निघाले. पूर्णिमाजवळ आल्यावर थबकले. त्या पोराचा हात कसा हाय ते मला कळवा, म्हणाले.

संध्याकाळी पूर्णिमा राजारामपुरीत गेली. संघर्षच्या हाताला प्लास्टर घातलं होतं, मनगटाच्या वर दोन्ही हाडं मोडली होती. घरून आई यायची होती, तोवर तो एकटाच होता. तिनं नूरीचा पाय वाचला म्हणून सांगितलं, डावी बाजू झाली म्हणून सांगितलं. त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "माझी पाळी राहूनच गेली. आत हात घातल्यावर कसं लागतं गं?"

पूर्णिमानं सांगायला सुरुवात केली. आत ऊब असते. जीभ जड असते, ओल्या पोत्यासारखी. मग दाढा लागतात, एकीमागं एक, आणि कड अशी की बोट अडकावं. ती सांगत होती तेव्हा तिचा हात त्याच्या खाटेच्या कडेवरून पुढं सरकत होता, बोटं जुळवलेली. मध्येच दिवसभर न आलेलं रडं तिला आलं. संघर्षनं धड हातानं पाण्याची बाटली तिच्याकडं सरकवली.

"सांग की पुढं," तो म्हणाला.

ती पाणी प्यायली, तिनं डोळे पुसले आणि मागच्या दाढेपासून पुन्हा सांगायला घेतलं.