मोठ्या आजाराचा मान

दांडी गावाच्या अलीकडे कृष्णकांतभाऊंची चिकूची वाडी होती आणि त्या वाडीत ते कधी चप्पल घालून शिरले नव्हते. मातीला पाय लागले की आजार शिवत नाही, असं येईल त्याला ऐकवत. शाळेत जंताच्या गोळ्या वाटायच्या दिवशी नात स्वराला त्यांनी घरीच ठेवलं. "आमच्या घरात असलं काय नाय. मजुरांच्या पोरांना द्या त्या," असं त्यांनी नर्सबाईंना कळवलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर भाऊंना धाप लागायला लागली. चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या बायकोने, जयवंतीकाकूंनी बीट दिलं, खजूर दिला, अंगारासुद्धा लावून पाहिला. बोईसरच्या डॉक्टरांनी रक्त चढवलं, तर तेही कुठे जिरलं कळेना. शेवटी पालघरला पोटात दुर्बीण घातली.

"जंत आहेत," डॉक्टर म्हणाले. "आतड्याला चिकटून रक्त पितायत."

भाऊंनी आधी दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी ऐकत तर नाही ना. मग हळूच म्हणाले, "दुसरं काय नाय का? नीट बघा."

"दुसरं काही निघू नये म्हणून लोक नवस करतात, भाऊ. अनवाणी फिरता?"

"वाडीत फिरतो."

"तिथे मजूर शौचाला कुठे जातात?"

मजूर झाडांमागेच जात. सोमी, त्यांच्याकडची जुनी कामवाली, संडास बांधून मागायची आणि भाऊ म्हणायचे, जागा कुठाय?

"अंडी मातीत पडतात. त्यातल्या अळ्या तळपायातून शिरतात आणि पोटात पोचतात," डॉक्टर म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या, घरातल्यांना आणि मजुरांनाही द्यायला सांगितल्या.

भाऊ घरी पोचायच्या आधीच गावात 'दुर्बीण' पोचली होती, ती कॅन्सर होऊन. माणसं भेटायला रीघ लावून आली. "काय निघालं?" कुणी विचारलं की भाऊ डोळे मिटून म्हणत, "आतड्याचं हाय." ते काही खोटं नव्हतं.

शेजारच्या वाडीचा निमेश आला. कुंपणालगतच्या जमिनीच्या पट्टीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. तो भाऊंचा हात धरून रडला. "पट्टी तुमीच ठेवा, भाऊ. फक्त बरे व्हा."

तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "त्याला खरं सांगायचं होतं."

"पट्टी परत मागेल तो."

काकूंनी सगळ्यांना गोळ्या दिल्या, सोमीला विचारून गवंडी बोलावला आणि निमेशने सोडलेल्या पट्टीवर संडास बांधायला घेतला. भाऊंना अजून भांडण्याइतकी ताकद आली नव्हती.

विटा पाहून निमेश अंगणात आला. "वैनी, भाऊ आजारी असताना हे काय काढलंत?"

"त्यांना जंत झाले होते. आता बरे हायत," काकू सरळ म्हणाल्या.

आत पलंगावर भाऊंनी चादर तोंडावर ओढली. निमेशचा आवाज खाली आला. "आमच्या पोरीलापण, रुचिताला, धाप लागते. कुणाला बोलू नका, पण डॉक्टर कोण ते सांगा."

पट्टीचं नाव त्याने काढलं नाही. संडास पुरा झाला आणि त्याचेही मजूर तिथे येऊ लागले.

भाऊंच्या गालांवर रंग आला, जिना एका दमात चढता येऊ लागला. पण जंतांचं गावात कळलं आणि भेटायला येणारी रीघ थांबली. कुणी चौकशी करेना, ओटीवर कुणी बसेना. संध्याकाळी ते वाटेकडे बघत बसत.

"एवढा आजारी होतो," एकदा ते काकूंना म्हणाले, "पण लोकांना त्याची किंमत नाय."