तट्ट्याआडचा कासरा

"उजव्या हाताले किसनराव हाये, पानठेल्यापाशी. रामराम करा," छपराच्या दमणीतल्या बांबूच्या तट्ट्याआडून सुंदराबाई हळूच म्हणाली.

पुढे गाडीच्या धुरेवर बसलेल्या चंद्रभानने उजवीकडे मान वळवली आणि हात उचलला. "रामराम, किसनराव. तब्येतपानी?"

"मस्त हाये, मुकादम. यंदाही निंघाले वाटते बुढाबुढी?"

"निंघालो. घरी बसून काय अंडे घालाचे?"

किसनराव हसला आणि दमणी पुढे गेली. समुद्रपूरच्या लोकांना दिसलं ते एवढंच, की चंद्रभान मुकादम फेटा बांधून ताठ बसला आहे, हाती कासरा आहे आणि भुऱ्या-चांद्याची गवळाऊ बैलजोडी झकास पावलं टाकते आहे. कासरा त्याच्या मुठीतून नुसता सरकत होता, ते कोणाला दिसलं नाही. मांडीवरच्या घोंगडीखालून तो तट्ट्याला पाडलेल्या भोकात शिरत होता आणि आत सुंदराबाईने तो दोन्ही हातांना गुंडाळला होता. तट्ट्याच्या फटीला डोळा लावून, "हो रे बाळा, हो" असं पुटपुटत बैल तीच हाकत होती. गाव मागे पडलं तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वासुदेव, त्यांचा एकुलता एक, नागपूरच्या कचेरीत कारकून होता आणि आज तो गिरडला यायचा होता. तिच्या हिंगणघाटच्या भावाकडे त्याचं पत्र आलं होतं, ते भावाने दोघांना वाचून दाखवलं होतं. "बाबांच्या डोळ्यांबद्दल कानावर आलं आहे. मी स्वतः येऊन पाहतो. खोटं असेल तर खुशाल फिरा. खरं असेल तर दमणी आणि बैल विकून दोघांना नागपूरला घेऊन जाईन." पोराचं चूक होतं असं तिलाही म्हणता येत नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती.

एकतीस वर्षं चंद्रभान सडकेचा मुकादम होता. गिरडच्या अलीकडचे नऊ मैल त्याच्या गँगकडे. मुरूम पसरा, गिट्टी फोडा, रूळ फिरवा. त्या सडकेवरून लोकांनी मुलुख पाहिला आणि मुकादमाची बायको मात्र विहिरीच्या पलीकडे गेली नाही. नोकरी सुटली त्या दिवशी तो घरी येऊन म्हणाला, "चाल, तुले सडक दाखवतो." तिला वाटलं, थट्टा करतोय. पण तेव्हापासून दिवाळी झाली की सेलूच्या घराला कुलूप, आणि होळीपर्यंत संसार दमणीत. खाली कडबा, वर वाकळ, मागे टांगलेली कढई, आणि तीन दगड मिळतील तिथे चूल. आष्टीचा बाजार झाला, हिंगणघाटचा भाऊ झाला, गिरडची टेकडी झाली. म्हातारपणी पायाला भिंगरी लागली म्हणून शेजारणी नाक मुरडायच्या. मुरडोत बापड्या. उद्या आपण कुठे असू हे सुंदराबाईला जन्मात पहिल्यांदा ठाऊक नसायचं आणि ते तिला फार फार आवडायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात चंद्रभानला कंदिलाभोवती रंगीत कडी दिसायला लागली. वर्ध्याच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू असता तर काढला असता, ही गेलेली नजर काही परत यायची नाही म्हणाला. आता चौथा हिवाळा चालू होता आणि त्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा. बाईने उघड्यावर कासरा धरायचा म्हणजे घरात पुरुष उरला नाही अशी दवंडी पिटण्यासारखंच. म्हणून मग एका दुपारी चंद्रभाननेच चाचपत चाचपत तट्ट्याला ते भोक पाडलं होतं.

"रपटा आला का वं?" त्याने विचारलं.

रपटा म्हणजे नाल्यात उतरणारी त्याची फरसबंद वाट. ती त्याने गँग लावून एका उन्हाळ्यात बांधली होती आणि तिची हकीकत सुंदराबाईने शंभरदा ऐकली होती. आजही सकाळपासून तीच चालू होती.

"रपट्याच्या तोंडाशी सहाव्या मैलाचा दगड हाये," तो सांगत होता. "माह्या हातानं गाडला. आता पाह्य, या सरकारनं अख्खा जिल्हा उचलून मुंबई राज्यात नेऊन ठेवला. नागपूरची राजधानी गेली. पन माहा दगड काई हालला नाई."

सुंदराबाईने फटीतून पाहिलं. रपटा नव्हताच. पावसाळ्यातल्या पुराने तो खाऊन टाकला होता. सडक वळवून वरच्या अंगाला नवा पूल घातला होता आणि जुन्या वाटेच्या टोकाला फुटक्या फरशीची कड तेवढी उरली होती. कडेखाली दीड पुरुष खोल नाला. दगडही कोणीतरी उपटून नेला होता.

"आला," ती म्हणाली.

"दगड हाये?"

"हाये नं."

चाकं पुलावरून खडखडत गेली. "उतार काऊन नाई लागला?"

"भर टाकली वाटते."

"मीच सांगतलतं सायबाले, भर टाका म्हनून," चंद्रभान म्हणाला आणि इतका खूश झाला, की पुढे चिंचेच्या सावलीपर्यंत गुणगुणत राहिला. सुंदराबाईने मनाशी म्हटलं, एवढ्याशा खोट्याने कोणाचं काय जातं? कासरा तर आपल्याच हाती आहे.

चिंचेपासून हाकेच्या अंतरावर, दर्ग्याच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी दमणी सोडली. तिने चूल मांडली, रोडगे भाजायला घातले. लोटा त्याच्या उजव्या हाताशी ठेवला, काठी डाव्या. दहादा सांगितलं, पोरगा आला की आवाजाकडे पाहा, उगीच आभाळाकडे पाहू नका.

वासुदेव आला तो पावलांचा आवाज न करता. पायजमा, कोट, हातात संत्र्यांची पिशवी. त्याने एक संत्रं काढलं आणि काही न बोलता बापापुढे धरलं. चंद्रभान तसाच बसून राहिला.

"घ्या नं ते संत्रं. पोरगा कवापासून धरून उभा हाये," ती मोठ्याने म्हणाली.

"घेतो, घेतो. थांब जरा, त्याले पाहू तं दे," म्हणत चंद्रभानने हात पुढे केला. "वाळला रे तू, वासुदेव."

वासुदेवने आईकडे पाहिलं. तिने रोडगा उलटायचं निमित्त काढलं. मग तिघं जेवले. हात धुऊन वासुदेव म्हणाला, "बाबा, चाला, एक फेरी मारू. नाल्यापर्यंत. लहानपनी न्यायचे तसं."

"मी येतो संगं," सुंदराबाई झटकन उठली.

"तू काऊन? तू राह्य इथंच. बाबा एकटे हाकत नाईत का?"

चंद्रभान तोवर उठून उभा राहिला होता. "हाकतो नं. माही सडक हाये ते. बस मांगं."

त्याने चाचपून बैल जुंपले ते इतकं सराईत, की डोळसालाही तसं जमलं नसतं. वासुदेव मागे पाय सोडून, तोंड मागे करून बसला. लहानपणी तो असाच बसायचा. दमणी निघाली. नजर गेल्यापासून कासरा पहिल्यांदाच पुरता चंद्रभानच्या हातात होता आणि त्याची पाठ ताठ होती. सुंदराबाई हात छातीशी धरून पाहत राहिली. बैलांना सडक कळते, तिने स्वतःला समजावलं. सरळ जातील, सरळ येतील. आणि मग तिला रपटा आठवला.

चिंचेची गार सावली तोंडावर आली तसा चंद्रभानने कासरा उजवीकडे ओढला. तीस वर्षं तो इथेच उजवीकडे वळत आला होता. चांद्या अडला. चंद्रभानने पुन्हा ओढला, काठी लावली, आणि जोडी नवी सडक सोडून जुन्या वाटेला लागली. वासुदेवचं तोंड अजून टेकडीकडेच होतं.

सुंदराबाई धावली. आपण बोरीच्या काट्यांवरून अनवाणी धावतोय याचं तिला भान नव्हतं. दर्ग्याला आलेली माणसं वळून पाहत होती. "होऽ चांद्या! होऽ भुऱ्या! हो रे बाळा, होऽ!"

कान टवकारून दोन्ही बैल जागच्या जागी थांबले. चंद्रभान "चाल, चाल" म्हणत होता, पण ते हलले नाहीत. पुढची कड चार पावलांवर होती.

वासुदेव खाली उतरला. त्याने कड पाहिली, बैल पाहिले, तट्ट्याचं भोक पाहिलं आणि मग धापा टाकत आलेली आई पाहिली. त्याला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काय झालं वं?" चंद्रभान म्हणाला. "रपट्यावर काऊन थांबवलं?"

"रपटा नाई," ती म्हणाली. "पुरात गेला. पूल झाला तिकडून. सकायी मी तुमाले खोटं सांगतलं."

"दगड?"

"थोही नाई."

तो धुरेवरून उतरला आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "माहे डोये गेले, मी काई बोललो नाई," तो म्हणाला. "तुह्या डोयानं पाहून राह्यलो होतो. तूच खोटं पाह्यलं, तं मी काय पाहू?"

सुंदराबाईला रडू फुटलं. पोरासमोर नवरा आपल्याला असं कधी बोलला नव्हता आणि त्याचा शब्दन्‌शब्द खरा होता.

वासुदेव म्हणाला, "माय, होळीपर्यंत फिरा. तू हाकशीन तं. होळी झाली का मी न्याले येतो. मंग दमणी नाई, बैल नाई." तिने पदराने डोळे पुसले आणि मान हलवली.

"दगडाची जागा कुठी हाये?" चंद्रभानने विचारलं. "खरी सांगजो."

"सहा पावलं. तुमच्या डाव्या अंगाले. मांगं."

तो मोजून सहा पावलं गेला. वहाण काढून पायाने जमीन चाचपली. उपटलेल्या दगडाचा खड्डा सापडला, त्यात त्याने पाय ठेवला. "हाच," म्हणाला.

परत येऊन त्याने धुरेवरची घोंगडी उचलली, झटकली, तिची नीट घडी घातली आणि ती धुरेवर अंथरली. "बस," तो सुंदराबाईला म्हणाला. चिंचेखाली माणसं जमली होती आणि टक लावून पाहत होती. ती वर चढली, बसली, कासरा हातात घेतला.

चंद्रभान आत गेला आणि तट्ट्याशी तिच्या जागेवर बसला. कासऱ्याचं लोंबणारं टोक त्याने भोकातून आत ओढून घेतलं आणि मुठीत धरून ठेवलं.