तोर्व्हिनेनचे सात थेंब

"चोवीस!" मुकादम एस्केली ओरडला आणि अकरा माणसांनी जाड हातमोज्यांनी थपथप टाळ्या वाजवल्या.

त्याच्या मोबाइलवर स्लॅबमध्ये पुरलेल्या सेन्सरचा आकडा होता: काँक्रीटची ताकद चोवीस मेगापास्कल. वीस झाले की खालचे टेकू काढता येतात. बाहेर उणे अठरा, स्लॅब ओतून जेमतेम दोन दिवस. आमच्या कायानी गावाच्या थंडीत एरवी आठवडा जातो.

"आजीने दलदलीच्या पाण्यात मुरवलेला अर्क!" अर्क विकणाऱ्या तोर्व्हिनेनने बुधला उंचावला. "ओल्या काँक्रीटमध्ये सात थेंब, वर माझा श्वास. अरे, काँक्रीटलाही जीव असतो! त्याच्याशी कुणी प्रेमाने बोलतच नाही."

ओतण्याआधी सळयांशी 'बोलायला' त्याला पाच मिनिटं एकांत लागायचा. तोही त्याला मिळाला होता.

"राइमो, टेकू सोडव," एस्केली म्हणाला. आमचा सुतार राइमो पाना घेऊन खाली निघाला. त्याच्या डोक्यावर चाळीस टन येणार होते.

"थांब," मी म्हणाले. "मी कोपऱ्यात दुसरा सेन्सर बांधलाय. तो सहा दाखवतोय."

"पीह्ला, त्याला सर्दी झाली असेल!" कुणीतरी खिदळलं.

"कोपऱ्यापर्यंत श्वास पोचला नसेल, बाळ," तोर्व्हिनेन मायेने म्हणाला.

"मग टेकू निघताना तूच खाली उभा राहा. श्वास सोडत."

"पोरगी बरोबर बोलतेय," एस्केली म्हणाला. दोघा मजुरांनी तोर्व्हिनेनच्या बगलेत हात घालून त्याला स्लॅबखाली नेलं. राइमोने पाना टेकूवर नुसता आपटला. ठण्ण.

"वायर!" तोर्व्हिनेन गुडघ्यांवर कोसळला. "सेन्सर वायरला बांधलाय! बाहेर काढा मला!"

मी वर जाऊन पहिल्या सेन्सरपासून हातभर लांब छिन्नी चालवली. ताज्या पावात सुरी जावी तशी ती आत गेली. हिवाळ्यात काँक्रीट गोठू नये म्हणून आम्ही स्लॅबमध्ये तापणारी वायर घालतो. तोर्व्हिनेनने त्या पाच मिनिटांच्या एकांतात सेन्सर तिलाच टेपने चिकटवला होता.

सेन्सर ताकद मोजत नाही. तो तापमान मोजतो, आणि किती वेळ किती ऊब मिळाली यावरून ताकदीचा अंदाज निघतो. वायरपाशी पन्नास अंश होते, हातभर लांब पाच. सेन्सर खोटं बोलला नव्हता. चुलीपाशी बसलेल्याला आपण गावाची थंडी विचारली होती.

बुधल्यात डांबराचा वास मारणारी व्होडका निघाली.

कॉफीची सुट्टी संपेपर्यंत तोर्व्हिनेनला कुणी बाहेर येऊ दिलं नाही. राइमो घोटाघोटाला टेकूवर पाना आपटत होता, आणि तोर्व्हिनेन दर वेळी डोकं झाकत होता. मी थांबवू शकले असते. थांबवलं नाही.

मग राइमोला विचारलं, "मघाशी टाळ्या तूही वाजवल्यास ना?"

त्याचा पाना थांबला.

आकडा कितीही चकचकीत असो, आधी विचारा: मोजलं कुठे? कशावरून? दुसरीकडे मोजून पाहिलं का? टाळ्यांची घाई नको. टेकूंची तर मुळीच नको, कारण स्लॅबखाली एरवी राइमो उभा असतो, बुधलेवाला कधीच नसतो.